निळा कौल

सात रस्ता, सोलापूर
दि. २९ ऑगस्ट १९७६

ती. येडूदाजींना धुळाचा नमस्कार.

इकडे माझे बरे चालले आहे. नोकरीला आठ महिने झाले. बेंदराला आलो होतो तेव्हा तुम्ही सगळ्यांदेखत "आमचा मेव्हणा मुताच्या दुकानात कामाला हाय" म्हणालात आणि वाडी हसली. ते मी मनावर घेतलेले नाही. पण आज त्याच दुकानाबद्दल लिहायचे आहे. हे पत्र एकट्याने वाचा आणि दोनदा वाचा.

आमचे डॉ. विरुपाक्ष रक्त आणि लघवी तपासतात. मी बाटल्या धुतो, त्यांना नावे चिकटवतो. चार महिन्यांपासून लघवीतली साखर बघायचे कामही माझ्याकडे दिले आहे. काचेच्या नळीत एक निळे औषध घ्यायचे, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि उकळायचे. निळे राहिले तर साखर नाही. साखर असेल तर हिरवे होते, जास्त असेल तर पिवळे, मग नारिंगी, आणि फार असेल तर विटेसारखे तांबडे. मी थेंब मोजताना श्वास रोखतो. आमचे जुने कंपाउंडर चनबसप्पा म्हणतात, "धुळ्या, तू लघवी तपासतोस का मुहूर्त काढतोस?"

गेल्या आठवड्यात एका विणकराच्या बायकोची लघवी आली. तिला अकरा पौंडांचे मूल झाले आणि तासाभरात गेले. डॉक्टर चनबसप्पांना सांगत होते, मी मोरीत बाटल्या धूत ऐकत होतो. ते म्हणाले, "एवढं मोठं बाळ आईच्या रक्तातल्या साखरेवर पोसलेलं असतं. आईला अजून काही झालेलं नसतं. मधुमेह तिला दहा वर्षांनी होईल. पण पोट आधीच सांगत असतं." वेळेत कळले तर खाणे बांधून देतात, सुई देतात, नऊ महिने पुरे व्हायच्या आत दवाखान्यात बाळंत करतात आणि मूल वाचते, असेही म्हणाले.

दाजी, अंबूआक्काचे दोन्ही मुलगे आठवा. पहिला झाला तेव्हा केराआत्या अंगणात येऊन म्हणाली होती, "दोन म्हैन्याचं लेकरू पोटातनं आलंया." सगळ्यांनी कौतुक केले. दिवस मावळायच्या आत तो गेला. दुसरा त्याहून मोठा होता आणि रडलाच नाही. आता आक्काला पाचवा महिना आहे.

सोबत एक बाटली पाठवतो. मी ती तीनदा उकळून घेतली आहे. आत ओव्याच्या फुलाचा खडा आहे, त्याने लघवी खराब होत नाही. तो काढू नका. आक्काची पहाटेची पहिली लघवी घ्यायची. त्याआधी तिने काही खाल्लेले नसावे. रक्त द्यायला येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही उपाशीपोटी यायला सांगतो, तसेच हेही. बूच घट्ट लावून बाटली ज्ञानू कंडक्टरच्या हातात द्या. डॉक्टरांना मी काही बोललेलो नाही. त्यांच्या औषधावर घरचे काम करतो असे त्यांना वाटायला नको.

तुमचा
धुळा


कोळसेवाडी, ता. सांगोला
ऐतवार, १२ सप्टेंबर

चि. धुळाला येडूचा आशीर्वाद.

एकट्यानं वाच म्हनतूस, पर आपल्या घरात एकटं बसाय जागा कुटं हाय? आईनं लगीच इचारलं, काय लिवलंय पोरानं. सांगावंच लागलं. आई म्हनली, "मूत सोलापूरला धाडायचं? वाटंत कुनी त्येच्यावर करणी केली म्हंजी?" म्या म्हनलं, आगं, तुज्याच भावाचा पोरगा हाय तो, करणी कशाला करंल? त्यो नववी नापास हाय, त्येला करणी बी धड जमायची न्हाय. तवा हसली.

मग तिनं इचारलं, कसं धाडायचं. म्या म्हनलं, उपाशीपोटी. तसं तिचं त्वांडच बदललं. म्हनली, "मंग ह्यो कौलच की. बिरोबाला कौल लावाय बी उपाशीच बसत्यात. मंग नीटच करू." शुक्रवारपासनं अंबूच्या पोटात अन्नाचा कण न्हाई. दोन दिस नुसत्या पान्यावर ठिवली. काल चक्कर आली तिला, पर आई म्हनली, कौलात कसूर नगं. आज ऐतवार, देवाचा वार. पहाटं डोक्यावरनं पानी घेतलं, भंडारा लावला आन मंग बाटली भरली. तू सांगितलंस त्येच्यापरीस चार आनं जास्तच सोवळं पाळलंय.

अंबू म्हनती, धुळाला सांग, बाटली भरताना लाज लई वाटली, पर त्यो उकळनार म्हनून भरली.

धुळा, एक सांगतो. आईनं तिच्या लांबच्या नात्यातली एक पोरगी बघून ठिवलीया. ह्या टायमाला बी पोर गेलं तर माजं दुसरं लगीन लावनार म्हनती. मला न्हाय करायचं. पर मी किती दिस न्हाय म्हनू? काय असंल ते खरं लिव.

येडू


सात रस्ता, सोलापूर
दि. १३ सप्टेंबर १९७६

ती. दाजींना धुळाचा नमस्कार.

बाटली काल दुपारी मिळाली. रविवारी प्रयोगशाळा बंद असते आणि किल्ली माझ्याकडे असते. मी एकट्याने काम केले. पहिल्यांदा आठ थेंब मोजून टाकले, पाच मिनिटे उकळले, थंड होऊ दिले. निळे. विश्वास बसेना, म्हणून दुसरी नळी घेतली. निळे. तिसऱ्या वेळी शेजारी एका माहीत असलेल्या रोग्याची लघवी उकळून बघितली, औषधच बिघडले असेल तर कळावे म्हणून. ती विटेसारखी झाली. आक्काची नळी मात्र स्वच्छ निळी.

दाजी, आक्काच्या अंगात साखर नाही. आधीची दोन गेली ती दुसऱ्या काही कारणाने गेली असतील. सुईण अडाणी असली तर काय होत नाही? तिला आता पोटभर खायला घाला. केराआत्यांनी इतके कडक पाळले, त्याचे मला फार बरे वाटले. इकडे शिकलेली माणसे चहा पिऊन येतात आणि उपाशी आहे म्हणून खोटे सांगतात.

सोबत निकालाचा कागद जोडला आहे. आमच्या छापील कागदावर नीट अक्षरात लिहिला आहे आणि शिक्काही मारला आहे. तसे करायला नको होते, पण नुसत्या पत्रावर आत्यांचा विश्वास बसणार नाही असे वाटले. त्यावर लिहिले आहे: "सौ. अंबुबाई येडू. लघवीत साखर: नाही." एवढेच.

तुमचा
धुळा


कोळसेवाडी
११ आक्टोबर

चि. धुळाला आशीर्वाद.

कागद पोचला. गुरुजींनी सगळ्यांना वाचून दावला. तुज्या अक्षराला गुरुजींनी वा म्हनलं. आईनं त्यो देवाम्होरं ठिवून नारळ फोडला. म्हनली, कौल उजवा आला. आता ती सगळ्या वाडीला सांगत सुटलीया, माज्या सुनंच्या अंगात काय न्हाई, सोलापूरनं शिक्का मारून आलंया.

दसरा झाला. मेंढरं घिऊन मी उद्या वेळापूरच्या अंगाला निघतो. तितं कालव्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवाय बोलावलंय. संक्रातीपातूर तितंच. घरी आई, अंबू आन बारकी कोकरं.

अंबूचं खानं चांगलं चाललंय. आई रोज गुळाचा शिरा न्हाईतर मलिदा करून घालती. पोट लई वाढलंय, सातवाच हाय पर नवव्यावानी दिसतंय. तहान मातुर लई लागती तिला. एक घागर तिच्या एकटीच्या उशाला असती. घडीघडीला बाहीर जाती. परवा म्हनली, "मी बसते तितं मुंगळं येत्यात." आई म्हनली, "गुळ खातीस त्यो सांडत आसंल." म्या म्हनलं, धुळाचा कागद हाय, कशाला जीव जाळतीस?

तू बरा अस. तुज्यामुळं घरात हसनं आलंय.

येडू


सात रस्ता, सोलापूर
दि. ३१ ऑक्टोबर १९७६

ती. दाजींना धुळाचा नमस्कार.

तुम्ही वेळापूरकडे असाल, पण तिकडचा पत्ता माझ्याकडे नाही. म्हणून घरीच टाकतो. गुरुजींनी हे पत्र आत्यांना वाचून दाखवावे आणि पुढे तुमच्याकडे धाडावे.

आक्काच्या लघवीची आणखी एक बाटली हवी आहे. या खेपेला पहाटेची नको. तिने दुपारी रोजच्यासारखे जेवावे, गोड असेल तर तेही खावे, आणि जेवणानंतर दोन तासांनी बाटली भरावी. उपास अजिबात नको.

हे का, असे तुम्ही विचाराल. गेल्या आठवड्यात इथल्या एका कापड व्यापाऱ्याच्या दोन बाटल्या आल्या. पहाटेची निळी राहिली आणि जेवणानंतरची नारिंगी झाली. मला वाटले नावे चिकटवताना माझीच गडबड झाली. मी दोन्ही पुन्हा उकळल्या. तेच रंग आले. डॉक्टर हसले आणि म्हणाले, "सुरुवातीला असंच असतं. उपाशी माणूस साधू असतो रे. जेवल्यावर चोरी उघडी पडते." म्हणून आता अशी नवी पद्धत निघाली आहे की दोन्ही वेळची लघवी बघायची. पहिली बघून झालीच आहे. दुसरी राहिली आहे, इतकेच. काळजीचे कारण नाही.

तहान, मुंगळे हे तुम्ही लिहिले होते ते मी विसरलेलो नाही. बाटली मात्र लवकर पाठवा. आठ दिवसांच्या आत पाठवा.

तुमचा
धुळा


वेळापूर
२४ नोव्हेंबर

चि. धुळा,

तुजं पत्र मला काल मिळालं. गुरुजींनी वाचून आईकडं दिलं, आईनं ते फडताळात टाकलं, आन गावचा मानूस हिकडं आला तवा त्येच्यासंगं धाडलं. मी हितं एका किराणा दुकानात बसून लिवतोय. मेंढरं रानात हायती.

आईनं बाटली द्यायची न्हाई म्हनून सांगितलंय. गुरुजींनी लिवून पाठवलंय ती काय म्हनली ते. म्हनली, "देवाला एकदा कौल लावला, उजवा आला. आता परत लावायचा म्हंजी देवाला खोटं पाडायचं. दुसऱ्यांदा इचारलं तर देव मुद्दाम डावा देतो." आनि दवाखान्याचं नाव काढलं तर तिला वाटतंय की तितं नेऊन आपरेशन करत्याल. पलीकडच्या वाडीतनं चार गडी नसबंदीला गाडीत घालून नेलं, ठावं हाय न्हवं तुला? मंग अंबूला बी नेत्याल, पोर बी जाईल आन परत हुयाचं बी बंद.

आता मी काय इचारतो ते ऐक. मी चौथी शिकलेला मानूस. तुज्या पत्रात पद्धत नवी निघाली लिवलंय. नवी पद्धत निघाली का तुजी पद्धत चुकली हुती? उपाशी ठिवायचं सांगितलंस ते बरुबर हुतं का न्हाय? चुकलं आसंल तर सरळ लिव, चुकलं म्हनून. मी मेंढरं दुसऱ्याच्या हवाली करीन, घरी जाईन, आईच्या म्होरं उभा ऱ्हाईन आन अंबूला घिऊन तुज्याकडं येईन. चुकलं नसंल तर आईसंगं भांडायला माज्यापाशी काय हाय? तुजाच कागद ती माज्या त्वांडावर धरंल.

ह्या दुकानाच्या पत्त्यावर लिव. मी वाट बघतो.

येडू


सात रस्ता, सोलापूर
दि. २९ नोव्हेंबर १९७६

ती. दाजींना नमस्कार.

तुमचा प्रश्न सरळ आहे, म्हणून उत्तरही सरळ देतो. मी कागदावर जे लिहिले ते त्या बाटलीपुरते बरोबर आहे. त्या बाटलीत साखर नव्हती. तीन वेळा बघितले होते. त्यात चूक नाही.

जेवणानंतरची तपासणी केली तर जास्त खात्री होईल, असे माझे मत आहे. आक्काला निदान शेवटच्या महिन्यात सोलापूरला आणावे, असेही माझे मत आहे. ऑपरेशनची भीती आत्यांनी धरू नये, मी स्वतः दारात बसून राहीन. पण निर्णय घरच्या मोठ्यांनी घ्यायचा आहे. मी लहान आहे.

गुळाचा शिरा थोडा कमी करायला सांगा.

तुमचा
धुळा


कोळसेवाडी
१० जानेवारी १९७७

धुळा,

पोर गेलं. मुलगाच हुता.

तुजं पत्र दुकानात मिळालं तवा म्या चारदा वाचलं. "चूक नाही" लिवलं हुतंस. मंग मी मेंढरांसंगंच ऱ्हायलो. मंगळवारी सांगावा आला तसा चालत सुटलो, वाटंत ट्रक मिळाला. पोचलो तवा अंबूला दोन दिस कळा चालू हुत्या. डोकं भाईर आलं, खांदं अडकलं. सुईण म्हनली, आसं अंग म्या जल्मात बघितलं न्हाई. वढून काढलं. पोराचं गाल आसं, दंड आसं, महिन्याचं कोकरू आसतं तेवढं. काळंनिळं झालं हुतं. अंबू वाचली.

काल पंच बसलं. आईनं लगनाचा इषय काढला. पंचांनी इचारलं, सुनंच्या अंगात काय रोग हाय का? असंल तर आधी त्येचं बघू. आईनं तुजा कागद म्होरं केला. गुरुजींनी वाचला. थोरलं पंच म्हनलं, "सरकारी शिक्क्यागत शिक्का हाय. बाईच्या अंगात काय न्हाई. मंग तीन तीन पोरं जात्यात ती तिच्या पायगुनानं. देवाची खोट हाय ही." मी बसून ऐकलं. कागद खोटा म्हनाय मला त्वांड न्हवतं. तूच दोनदा लिवलं हुतंस.

माघात लगीन धरलंय. अंबूला घरातनं काडायची न्हाई, थोरली म्हनून ऱ्हाईल, तिची वीस मेंढरं तिच्या नावावर ऱ्हातील, आसं ठरलंय. म्या तेवढंच मागून घेतलं.

तू बरा अस.

येडू


सात रस्ता, सोलापूर
दि. १६ जानेवारी १९७७

अंबूआक्काला धुळाचा नमस्कार.

हे पत्र गुरुजींच्या पत्नी सारजाबाई यांच्या नावाने टाकतो. त्यांनी ते तुला एकटीला वाचून दाखवावे, ही विनंती.

आक्का, मी चुकलो. पहाटेच्या उपाशी लघवीत साखर दिसत नाही. रोगाच्या सुरुवातीला तर मुळीच दिसत नाही. जेवल्यावर दिसते. रक्त द्यायला येणाऱ्यांना उपाशी या म्हणतात ते ऐकून मी लघवीलाही तेच लावले. कुणाला विचारले नाही. डॉक्टर एका हाकेवर होते. बहिणीचे काम चोरून करतो हे त्यांना कळेल, आणि मला येत नाही हेही कळेल, म्हणून विचारले नाही. त्यात तुला दोन दिवस उपाशी ठेवले हे कळले तेव्हा मी खूश झालो होतो.

व्यापाऱ्याच्या बाटल्या बघितल्या त्या दिवशीच मला समजले होते. तरी मी "नवी पद्धत" असे लिहिले. दाजींनी सरळ विचारले, तरी मी "त्या बाटलीपुरते बरोबर" असे लिहिले. ते वाक्य जमवायला मला अख्खी दुपार लागली होती. तीन कागद फाडले होते. "चुकलो" लिहायला एक ओळ लागली असती आणि दाजी तुला घेऊन आले असते. आठवा महिना चालू होता. मूल वाचले असते.

काल मी डॉक्टरांना सगळे सांगितले. मला वाटले हाकलून देतील. ते एवढेच म्हणाले, "बहीण आहे म्हणून सांगायला तुला लाज वाटली?" मग त्यांनी साखरेचे काम माझ्याकडून काढून घेतले. मी आता फक्त बाटल्या धुतो. ते म्हणाले, तुला आजच मोठा आजार नाही, पण खाणे आत्तापासून सांभाळले नाही तर होणार. म्हणून तुला एकदा तपासायला आणायचे आहे.

याच पाकिटात दाजींच्या नावाचे पत्र आहे. त्यात हे सगळे लिहिले आहे, आणि पंचांना वाचून दाखवायला सांगितले आहे. तुझ्यात पायगुणाचा दोष नाही, हा अंगातल्या साखरेचा प्रकार आहे आणि त्याला उपाय आहे, असे स्पष्ट लिहिले आहे. पहिला कागद खोटा धरावा, असेही लिहिले आहे. तू ते दाजींच्या हातात दे. लग्न थांबेल.

तुझा
धुळा


कोळसेवाडी
१३ फेब्रुवारी

धुळाला अंबूचा आशीर्वाद. लिवनार सारजाबाई. म्या सांगीन तसं लिवायचं, सुधरायचं न्हाई आसं तिला सांगितलंय.

तुजं पत्र ऐकलं. तुज्या दाजींच्या नावाचं बी ऐकलं. ते त्यांला दिलं न्हाई. चुलीत घातलं.

रागानं न्हाई घातलं. आदी ऐकून घे. पलीकडच्या वाडीतली गोजरबाई तुला ठावी हाय. तिच्या छातीचा फोटू काडला, डाग निघाला, कागद आला. सा म्हैन्यात सोडचिठ्ठी दिली. डाग बरा झाला, तिला कुनी परत नेली न्हाई. आता भावाच्या दारात शेण काडती. माज्या अंगात रोग हाय आसा तुजा कागद पंचाम्होरं वाचला तर लगीन थांबंल व्हय? लगीन व्हईलच. म्या तेवढी भाईर जाईन. आता मी पांढऱ्या पायाची हाय, पर थोरली हाय. वीस मेंढरं माजी हायती. देवाची खोट आसली तर बकरं कापून भागतं. अंगाची खोट आसली तर बाईच टाकत्यात. तुज्या सोलापुरात भाड्याच्या खोलीत मी काय करू? बाटल्या धुवू?

तुला खरं सांगायची आता लई घाई झालीया. तवा कुटं गेली हुती?

आनि एक. तू तुलाच बोल लावून घेतोस, त्यातलं थोडं माजं हाय. माजं अंग मला सांगत हुतं. तहान अशी लागायची की जीभ टाळूला चिकटायची. मुंगळं म्या डोळ्यानं बघितलं. म्या आत्याबाईला म्हनलं, मला बरं वाटंना, मला धुळाकडं धाडा. त्या म्हनल्या, कागदात न्हाई. मंग मला बी वाटलं, आपल्यालाच उगं वाटतंय. मला वाचाय येत न्हाई, तर मी त्या कागदावरनं बोट फिरवायची. माज्या भावानं लिवलंय, म्हंजी आसंल. माज्या अंगापरीस तुजं अक्षर खरं मानलं म्या.

लगीन झालं. पोरगी चांगली हाय, सतरा वरसाची. मला आक्का म्हनती. ह्यांनी हळदीत माज्याकडं बघितलं न्हाई.

मला जगायचं हाय, धुळा. मरायचं आसतं तर तवाच मेली आसते. काय खावं, काय खाऊ न्हाई, ते तुज्या डागतराला इचारून लिव. न इचारता लिवू नगं. पर रोगाचं नाव घालू नगं. ह्यांच्या नावानं पत्र टाक, हे वाचून दावत्याल, आत्याबाई ऐकत्याल. बाळंतपनाची कमजोरी म्हनून लिव. आनि मला सोलापूरला बोलवाय काय तरी निमित्त काड. म्या घोंगड्या इकाय येते म्हनीन. ह्यो लबाडीचा कागद तुला नीट लिवता येईल. तुला जमतं ते.

अंबू


सात रस्ता, सोलापूर
दि. ६ मार्च १९७७

ती. येडूदाजींना धुळाचा नमस्कार. केराआत्यांना दंडवत.

तुमचे लग्न चांगले पार पडले, असे कळले. आनंद झाला. मला येता आले नाही, कारण कामातून सुट्टी नव्हती.

तीन बाळंतपणांनी अंबूआक्काला कमजोरी आली असेल. म्हणून मी आमच्या डॉक्टरांना विचारून कमजोरीचे पथ्य लिहून घेतले आहे. त्यांनी सांगितले ते मी त्यांच्यासमोर बसून लिहिले आणि त्यांना वाचून दाखवले. ते असे. ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी दोन वेळा, पोटाला तडस लागेपर्यंत नाही. पालेभाजी, मटकी, हुलगे कितीही. ताक चालेल. गूळ, साखर, शिरा, मलिदा, काकवी अजिबात नाही, सणालाही नाही. कमजोरीत गोड बाधते, असे आत्यांना सांगावे. चालणे-फिरणे रोज हवे, म्हणून मेंढरांमागे जायला तिला अडवू नये. पायाला काटा लागला किंवा जखम झाली तर तशीच ठेवू नये, लगेच धुवावी. पुन्हा दिवस गेले तर दुसऱ्याच महिन्यात मला कळवावे.

इथे मंगळवारच्या बाजारात घोंगड्यांना मागणी आहे. दर दोन महिन्यांनी आक्काने चार घोंगड्या घेऊन यावे. मी स्टँडवर उभा राहीन आणि संध्याकाळच्या गाडीत बसवून देईन. घरून निघताना तिने नीट जेवून निघावे. प्रवासात कमजोरीने चक्कर येते.

बाकी पंचांनी ठरवले ते योग्यच ठरवले असेल. त्याबद्दल मी काही लिहीत नाही.

नव्या बाईंचे नाव तुम्ही कळवले नाही, म्हणून त्यांना नुसता नमस्कार लिहितो.

पथ्याचा भाग आक्काला वाचून दाखवताना सावकाश वाचा. तिला पाठ होईपर्यंत वाचा. एकही शब्द गाळू नका.

तुमचा
धुळा